पायरी सतरावी: अंगण ओलांडा

नीबिया एत्चेवेरीच्या हाताला गुण होता, आणि त्या गुणापायी तिचं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

एक प्रयोग असा होता की तो फक्त तिच्याच हातून व्हायचा. मोन्तेविदेओच्या विद्यापीठात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, चार वर्षं तो तिच्या हातून बिनबोभाट होत आला होता. दुसऱ्या कुणी हात लावला की होत नसे. सुरुवातीला लोकांनी कौतुक केलं, मग हेवा केला, मग सवय करून घेतली. पाचव्या वर्षी नीबियाच्या लक्षात आलं की आपण कामाला नाही आहोत, आपण उपकरण आहोत.

प्रयोग एका जिवाणूवर होता. दूधसंघाच्या पाइपातून खरवडून आणलेला. त्याचा क्रमांक एकेचाळीस, पण सगळे त्याला कारकून म्हणायचे, कारण एकदा जागा मिळाली की तो उठत नसे. काचेवर बसला की अंगातून चिकट लाळ सोडून स्वतःला डकवून घ्यायचा. शेजारी दुसरा कारकून, त्याच्या डोक्यावर तिसरा, असं करत दोन दिवसांत अख्खं खातं उभं राहायचं. मग त्यावर साबण ओता नाहीतर आम्ल ओता, खातं बरखास्त होत नसे.

पण कारकुनालाही उठता येतं. त्याच्या पोटात एक निरोप फिरत असतो, म्हणजे एक इवलासा रेणू. निरोप भरपूर झाला की त्याचा अर्थ ‘बस’. निरोप आटला की ‘ऊठ’. मग लाळ बंद होते, मागे शेपटी फुटते आणि स्वारी पोहत निघते. हा निरोप तयार करणारं एक एन्झाइम असतं आणि मोडून टाकणारं दुसरं. मोडणारं एन्झाइम कामावर रोज हजर असायचं, पण काम करत नसे. त्याच्याच अंगाचा एक तुकडा त्याच्या तोंडावर झाकणासारखा बसलेला असायचा. ते झाकण कोण उघडतं, हे प्रोफेसर आपारिसियो बेरुत्ती एकोणीस वर्षं शोधत होते. त्यांच्या मते ते नऊ नंबरच्या द्रावणाने उघडायचं. नऊ नंबरचं द्रावण त्यांनी स्वतः शोधलं होतं आणि त्याच्याबद्दल ते थोरल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

नीबियाच्या नळ्यांत नऊ नंबरचं द्रावण पडलं की वीस मिनिटांत कारकून उठायचे. दुसऱ्या कुणाच्याही नळ्यांत पडलं तर ते फक्त ओले व्हायचे, आणि ते आधीपासून ओलेच होते.

जुलै उजाडला तेव्हा दोन पत्रं एकाच दिवशी आली. पहिलं प्रोफेसरांना, एका मोठ्या नियतकालिकाचं: शोध छापू, पण हा प्रयोग दुसऱ्या माणसाच्या हातून झालेला दाखवा. दुसरं नीबियाला, साल्तोहून. तिच्या गावच्या दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत कायमची जागा. तीन वेळा परीक्षा देऊन, दोनदा दुसरी येऊन, तिला ती मिळाली होती. एक ऑगस्टला दुपारी बारापर्यंत स्वतः हजर राहून सही करायची, सोबत आत्ताच्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं. बारा वाजून एक मिनिटाने जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराची.

यादीतला पुढचा उमेदवार वॉशिंग्टन होता. आमच्याकडे हे माणसाचं नाव असतं. या वॉशिंग्टनशी नीबियाचं अकरा वर्षांपूर्वी लग्न ठरलं होतं आणि दहा वर्षांपूर्वी मोडलं होतं. मधल्या वर्षात काय झालं, याबद्दल दोघांकडे दोन वेगवेगळ्या हकिगती होत्या. जागा दुसऱ्या कुणाला गेली असती तर नीबियाने देवाची मर्जी म्हटलं असतं. वॉशिंग्टनला गेली असती तर तिने साल्तोचा स्टेशनरस्ता जन्मभर टाळला असता, आणि साल्तोला जायचं तर दुसरा रस्ता नाही.

ती प्रोफेसरांकडे गेली.

“प्रोफे, मला एक तारखेला साल्तोला हजर व्हायचंय.”

“हो की. जा.”

“तुमचं पत्र लागेल.”

“देतो. सिरिलोच्या हातून कारकून एकदा उठू दे, तिथल्या तिथे सही करतो.”

“आणि नाही उठला तर?”

“मग तू जाशील कशी, मुली?” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. त्यांना खरंच तो प्रश्न पडला होता.

सिरिलो कांतेरो पाराग्वायहून आला होता, सव्वीस वर्षांचा, शांत, सांगाल ते तसंच्या तसं करणारा. नीबियाची जागा घेण्यासाठीच त्याला आणलं होतं. भर जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, नदीवरचा वारा कान कापत असताना, तो बर्फाच्या पाण्यात येर्बा, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, पीत असे, कारण त्याच्या देशात ती थंडच पितात. मोन्तेविदेओचे लोक येर्बावर कढत पाणी ओततात. ते त्याला पाहायला दारात येऊन उभे राहायचे. “दात आहेत ना रे अजून?” असं विचारून जायचे. सिरिलो म्हणायचा, “आहेत, पण त्यांना आता काही वाटत नाही.”

नीबियाने त्याला तेवीस पायऱ्या शिकवल्या. प्रयोग तेवीस पायऱ्यांचा होता आणि सगळ्या लिहून ठेवलेल्या होत्या. सतरावी होती: अंगण ओलांडा. जिवाणू वाढवायची खोली एका बाजूला, सूक्ष्मदर्शक दुसऱ्या बाजूला, मध्ये उघडं अंगण, तीन मिनिटांची चाल आणि शेवटी एक लोखंडी दार जे खांद्याने ढकलावं लागे. नीबिया ते कसं ओलांडते हे सिरिलोने बारकाईने पाहिलं. येर्बाच्या कढत पाण्याचा थर्मास डाव्या बगलेत. त्याच डाव्या हातात येर्बा प्यायचा पोकळ भोपळा. रबराने बांधलेल्या सहा काचनळ्या बगल आणि थर्मास यांच्या मध्ये खोवलेल्या. उजवा हात दारासाठी मोकळा. थर्मास आत न्यायला बंदी होती, तशी पाटी होती, म्हणून तो बाहेरच्या खिडकीत ठेवायचा आणि नळ्या घेऊन आत जायचं. पायऱ्यांच्या वहीत यातलं काही लिहिलेलं नव्हतं. चालताना उजवा पाय झाला की डावा टाकावा हेही लिहिलेलं नव्हतं.

नीबियाचा थर्मास बापाचा होता. तिचा बाप साल्तोजवळ रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होता. त्या फाटकावरून सहसा गाडी जात नसे. एकोणनव्वद साली एकदा गेली, त्या धक्क्याने त्याच्या हातून थर्मास पडला. आतल्या काचेला चीर गेली आणि एका अंगाला पोचा आला. तेव्हापासून त्यात पाणी दोन तासांत कोमट व्हायचं. बाप गेल्यावर नीबियाने तो घेतला. दर दोन तासांनी ती नवं पाणी तापवायची आणि याला ती आठवण म्हणायची.

सिरिलोने सगळं तसंच केलं. थर्मास डाव्या बगलेत, भोपळा डाव्या हातात, नळ्या मध्ये खोवलेल्या, दाराला खांदा. वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कारकून बसलेले. दुसऱ्या दिवशीही बसलेले. आठवड्याने नीबियाने स्वतः डोळा लावला आणि तिला वाटलं की सिरिलोच्या काचेवर ते नुसते बसलेले नाहीत, पाय पसरून बसलेत. लाळ दुप्पट. जणू कुणीतरी त्यांना पगारवाढ दिली होती.

मग प्रोफेसरांनी स्वतः करून पाहिलं. त्यांना डॉक्टरांनी पोटाच्या दुखण्यामुळे दोन वर्षांपासून येर्बा बंद केली होती. तेव्हापासून डावा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नसे. त्यांनी नळ्या मुठीत धरून अंगण ओलांडलं. त्यांचे कारकूनही उठले नाहीत, पण निदान पाय पसरले नाहीत.

“हा हाताचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. आणि इकडे तिकडे पाहून, आवाज खाली आणून त्यांनी तिला विचारलं की ती हा गुण कुणाला ‘देऊ’ शकेल का. त्यांच्या आजोळी नागीण उतरवणारी एक म्हातारी होती. ती मंत्र देऊन मोकळी झाली, तशी. एकोणीस वर्षं विज्ञानात काढलेला माणूस हे विचारत होता, म्हणून नीबियाने उत्तरही नीट दिलं. म्हणाली, द्यायला तयार आहे. त्यावर प्रोफेसर जरा विचार करून म्हणाले की म्हातारी मंत्र फक्त नाताळच्या आदल्या दिवशी द्यायची. डिसेंबरपर्यंत थांबायला जमेल का?

त्या दिवशी नीबियाने भाड्याच्या खोलीवर जाऊन बॅग भरली. दुसऱ्या दिवशी तीच बॅग उघडून त्यातला मोजा काढावा लागला, कारण थंडी होती. मग रोज एकेक वस्तू बॅगेतून बाहेर येऊ लागली. वीस तारखेपर्यंत बॅग रिकामी झाली आणि कपाट पहिल्यासारखं दिसू लागलं. तिला वाटलं, असंच होत असणार. आधी एक मोजा, मग शेजारी दुसरा, मग खातं.

तिने मुद्दाम प्रयोग बिघडवायचाही प्रयत्न केला. आपल्याही हातून होईना म्हटल्यावर आपलं काय काम उरणार? तिने पायऱ्या उलट्या केल्या, द्रावण कमी घातलं, एकदा तर अजिबात घातलं नाही. कारकून उठले. वीस मिनिटांत, शेपट्या हलवत. तिने हे कुणाला सांगितलं नाही, कारण नऊ नंबरच्या द्रावणाबद्दल प्रोफेसरांना काही सांगणं म्हणजे त्यांच्या मुलाची तक्रार त्यांच्याकडे करणं.

एकोणतीस तारखेला पाऊस लागला. प्रोफेसर सकाळीच आले. त्यांना एक कल्पना सुचली होती. म्हणाले, आज नीबियाने सिरिलो व्हायचं आणि सिरिलोने नीबिया. संपूर्ण. त्यांनी यादी केली होती: अंगरखा, चष्मा, बूट, स्टूल, पेन, हाताला लावायचं मलम, अशा चौदा वस्तू. नीबियाचा पाय अडतीस नंबरचा, सिरिलोचा त्रेचाळीस. सिरिलोने तक्रार न करता टाचा बाहेर काढून बूट घातले. नीबिया त्याच्या बुटात दोन पावलं चालली तेव्हा बूट जागेवर राहिले आणि ती पुढे गेली. हे अशास्त्रीय झालं म्हणून तिला परत बुटांत पाठवण्यात आलं.

दारात सिरिलो थांबला. तो तिला आदराने दोन्या म्हणायचा, म्हणजे बाई. “दोन्या नीबिया, आज मी तुम्ही. मग थर्मासही द्या.”

तो गंमत करत होता. पण नीबिया लाल झाली, प्रोफेसरांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्याने तिचा दात घासायचा ब्रश मागितला असता तर एवढी शांतता पसरली नसती. शेवटी तिने दिला. त्याचा तिने घेतला, चामड्याचं कव्हर असलेला, आत खळखळणाऱ्या बर्फाचा. बगलेत धरताच तिची डावी बाजू बधिर झाली. दोघं एका छत्रीतून अंगण ओलांडून गेले.

वीस मिनिटांनी सिरिलोच्या काचेवरचे कारकून उठले. सगळे. सिरिलो बराच वेळ डोळा लावून बसला. मग त्याने विचारलं, “हे कायम इतक्या घाईत असतात?”

नीबियाच्या काचेवर त्यांनी पाय पसरले होते.

तिचे डोळे भरून आले. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला अपयश आलं होतं. ती पत्रासाठी हात पुढे करून उभी राहिली. प्रोफेसर मात्र बसूनच राहिले. म्हणाले, गुण वस्तूत आहे हे सिद्ध झालं, पण कोणत्या वस्तूत? ते कळल्याशिवाय पत्र कसं देऊ? उद्या नियतकालिकवाले म्हणतील चष्मा, परवा म्हणतील बूट.

तीस तारखेला चौदा वस्तू एकेक करून तपासल्या. फक्त अंगरखा बदलला: काही नाही. फक्त चष्मा: काही नाही, शिवाय सिरिलो दाराला धडकला. बूट, पेन, मलम. नीबियाच्या हातून दर वेळी उठले, सिरिलोच्या हातून दर वेळी बसले. एकतीसला दुपारपर्यंत यादी संपली. प्रोफेसरांनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. थर्मास तिच्यात नव्हता. तो यादीत घालावा असं तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं, कारण यादी वस्तूंची होती. आमच्या देशात थर्मास कुणी ‘नेत’ नाही. तो असतो. वर्दीतल्या पोलिसाच्या बगलेत असतो, लग्नाच्या फोटोत असतो, आणि फोटो पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

चार वाजले. साल्तोची शेवटची उपयोगाची बस पहाटे साडेपाचची होती. नीबिया सूक्ष्मदर्शकाच्या खोलीबाहेर खिडकीपाशी जाऊन बसली. खिडकीत दोन थर्मास शेजारी शेजारी होते. वारा होता, बोटं गारठली होती. तिने नेहमीप्रमाणे थर्मासच्या पोच्यावर दोन्ही हात शेकत ठेवले. सिरिलो शेजारी येऊन बसला. म्हणाला, माझ्यामुळे तुम्ही अडकलात, वाईट वाटतं. ती म्हणाली, तू नाही रे, मी आधीपासून अडकलेय, तू फक्त साक्षीला आलास. मग सहज, त्याला बरं वाटावं म्हणून, तिने त्याच्या थर्मासवर थाप मारली.

हात चटकन मागे आला. तिने पुन्हा ठेवला. मग एक हात त्याच्यावर, एक आपल्यावर, असे ठेवून ती इतका वेळ बसून राहिली की सिरिलोला वाटलं ती प्रार्थना करतेय, आणि त्याने टोपी काढली.

“तापमापक आण,” ती म्हणाली.

तिच्या थर्मासची पोच्याची बाजू एकोणचाळीस अंश. अंगण ओलांडल्यावर तिच्या नळ्या पस्तीस. सिरिलोच्या सहा अंश. मुठीत नेलेल्या अकरा.

प्रोफेसरांना बोलावलं. नीबियाने सहा नळ्यांत नऊ नंबरचं द्रावण घातलं, सहा नळ्यांत साधं पाणी, आणि बाराच्या बारा आपल्या थर्मासला टेकवून अंगण ओलांडलं. बाराही नळ्यांतले कारकून उठले. एन्झाइमचं झाकण उबेने उघडत होतं. गाईच्या अंगातून ताजं दूध कोमट येतं. पाइपाला ऊब लागली की कारकुनाला कळतं, जेवण आलं, उठा. त्यासाठी त्याला कुणाच्याच द्रावणाची गरज नव्हती.

प्रोफेसर खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी साध्या पाण्याच्या नळीकडे पाहिलं. “एकोणीस वर्षं,” ते म्हणाले. मग उठले, आणि त्यांचा चेहरा उजळला, आणि नीबियाने घड्याळाकडे पाहिलं.

“मुली, आता तर खरी सुरुवात आहे.”

ती म्हणाली, सिरिलोला जमतं, आता पत्र द्या. ते म्हणाले, जमतं ना, बघू या. त्यांनी सहा नळ्या गरम पाण्याच्या टाकीत पस्तीस अंशांवर ठेवल्या. वीस मिनिटं. कारकून ढिम्म. पुन्हा ठेवल्या. ढिम्म. चहूबाजूंनी सारखी ऊब लागून भागत नव्हतं. ती एका अंगाने, हळूहळू, अंगण ओलांडता ओलांडता लागावी लागत होती. म्हणजे फाटकावर पडलेल्या थर्मासमधून लागते तशी.

साडेसहा वाजले होते. प्रोफेसरांनी खिडकीतून थर्मास उचलून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे आणि नीबियाकडे आळीपाळीने पाहिलं.

“दोघांपैकी एकाला इथे राहावं लागेल,” ते म्हणाले.

नीबियाला आठवलं, बाप गेला त्या सकाळी हा थर्मास भरलेलाच होता आणि पाणी अजून कोमट होतं. लोक येईपर्यंत ती तो बगलेत धरून फाटकावर उभी राहिली होती. गाडी आली नव्हती. नेहमीप्रमाणेच आली नव्हती.

“चीर दुरुस्त करायची नाही,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? चिरेवरच तर सगळं आहे.”

“आणि त्यातलं पाणी दुसऱ्या कुणी येर्बावर ओतायचं नाही.”

याला प्रोफेसरांनी जरा वेळ घेतला. मग हो म्हणाले. त्यांनी पत्रावर सही केली, शिक्का मारला, आणि त्याच हाताने थर्मासच्या बुडाला उपकरणाचा क्रमांक चिकटवला. सिरिलो तिला गेटपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “दोन्या, माझा घेऊन जा.” ती म्हणाली, “त्यापेक्षा मी न्युमोनिया घेऊन जाते.” त्याने आग्रह केला नाही.

बस साल्तोला पावणेबाराला पोचली. दुग्धशाळेच्या कचेरीतल्या बाकावर, भिंतीवरच्या घड्याळाच्या बरोबर खाली, वॉशिंग्टन बसला होता. केस विरळ झाले होते, थर्मास नवा होता. तो सात वाजल्यापासून बसला असावा, कारण बाक त्याच्या आकाराचा झाला होता. नीबियाने टेबलावर पत्र ठेवलं. टेबलामागच्या बाईने ते वाचलं, मग नीबियाच्या रिकाम्या बगलेकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, “बाई, चोरी झाली का?”

“ठेवून आले,” नीबिया म्हणाली आणि सही केली. बारा वाजायला सहा मिनिटं होती. बाईने सांगितलं, ही कायमची जागा, निवृत्तीला अठ्ठावीस वर्षं आहेत, खुर्ची ती खिडकीजवळची, बसा.

फोनवर सिरिलोचा निरोप आला. त्याच्या हातून आज दोनदा कारकून उठले होते. प्रोफेसर म्हणाले होते की हेच दुसऱ्या एखाद्या फुटक्या थर्मासने झालं की तो पाराग्वायला परत जाऊ शकतो. शहरातला कुणीही आपला फुटका थर्मास द्यायला तयार नव्हता. साल्तोकडे कुठे मिळतो का?

वॉशिंग्टन उठला. दाराकडे निघाला, मग वळला, भोपळ्यात येर्बा नीट केली, त्यावर कढत पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरली. नीबियाने ती उजव्या हाताने घेतली. डावा हात अजून कोपरात वाकलेला, बरगडीला घट्ट दाबून धरलेला होता, आणि सोडवायला गेली तरी सुटेना.